कुसकुसच्या डब्यातला आवाज

शनिवार, ५ एप्रिल

मशीन मेलं!

काल सकाळी धडधाकट होतं. मी स्वतः त्यावर विजेचं बिल पाहिलं. आज चहा घेऊन बसलो, बटण दाबलं — पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ. सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही म्हणे. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बत्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं मी, आणि एकच बटण पाच वेळा दाबत बसलो — सहाव्या खेपेला त्याला माझी दया येईल म्हणून!

रोजनिशीही त्यातच होती. म्हणून ही वही काढली. नववी 'ब'च्या तोंडी परीक्षेच्या गुणांची आहे, मागची पानं कोरी. हातानं लिहायची सवय पार गेली. अक्षर असं की माझ्याच विद्यार्थ्याचं असतं तर कान धरला असता.

वसीला दारात आली. "बिघडलं का रे?" इतक्या हळू विचारलं की मीच दचकलो. एरवी बायको या मशीनला माझी सवत म्हणते, आणि ते बिघडलं की तिला सणासारखं वाटतं. म्हटलं, काही नाही, अपडेट चाललंय. ती गेली, आणि दहा मिनिटांनी बदाम घातलेला चहा आणून ठेवला. न मागता! दुसरा!

खोलीभर नारिंगाच्या फुलांचा वास आहे. त्यात नवल नाही. एप्रिलात आख्ख्या नाबुल गावाला हाच वास, घरोघर तांब्याच्या भांड्यांतून फुलांचा अर्क काढणं चालू असतं.

रविवार, ६ एप्रिल

घाबरायचं काही कारण नाही. मी नाबुलच्या लिनक्स मंडळाचा अध्यक्ष आहे. (सभासद तीन. त्यांतला एक चहासाठी येतो.)

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात, घराची किल्ली आणि वसीलानं अडकवलेला चांदीचा मासा यांच्यामध्ये, एक पेनड्राइव्ह असतो. त्यात छोटं पण पुरतं लिनक्स भरलेलं आहे. मशीनची स्वतःची डिस्क दगा देते तेव्हा या पेनड्राइव्हवरून ते उठवायचं — शेजारणीकडून विस्तव आणून आपली चूल पेटवावी तसं. गेली दहा वर्षं मी हे गावाला शिकवतोय.

फक्त सुरुवातीला कुठलं बटण दाबायचं ते आठवेना. माझ्याच मशीनवर! एफ दोन? बारा? नऊ? शेवटी दोन्ही हातांनी वरची सगळी ओळ दाबून धरली, तेव्हा यादी आली. कोणी पाहिलं नाही, हे नशीब.

पेनड्राइव्हवरून मशीन उठलं खरं. पण डिस्कांची यादी मागितली तर त्यात तो पेनड्राइव्ह एकटाच. मूळ डिस्कचं नावच नाही. डबा उघडला. डिस्कच्या हिरव्या पाटीवर पांढुरका डाग, आणि दोन बारीक तारा जळून काळ्या. निदान करायला मला क्षणही लागला नाही — समुद्राची हवा! मंडळात मी कायम सांगतो, खारी हवा लोखंड खाते.

वसीलाला एवढंच सांगितलं की मशीनला खाऱ्या हवेनं पडसं झालंय, दोन दिवसांत बरं होईल. ती म्हणाली, "समुद्राची हवा. हो. तसंच असेल." आणि वळून गेली. माझ्या एकाही निदानाला ही बाई आजवर 'हो' म्हणालेली नाही.

आता खरं ते लिहितो, कारण ते कोणाला सांगता येत नाही.

त्या डिस्कवर मन्नूबिया होती. वसीलाची आई, माझी सासू. तीन हिवाळ्यांपूर्वी मी मायक्रोफोन घेऊन तिच्यासमोर बसलो. सदतीस रेकॉर्डिंगं केली. अर्क काढताना म्हणायची गाणी, फुलं किती आणि पाणी किती, कुठल्या शेजारणीनं कोणत्या साली कोणाची हंडी परत केली नाही — सगळं. तेव्हा ती चौऱ्याऐंशीची. अट एकच घातली. "हे फोनाफोनांतून गावभर फिरवलंस ना, लमीन पोरा, तर तुझ्या कुसकुसमध्ये जन्मभर खडे निघतील." म्हणून ते कुठेच पाठवलं नाही. एक या मशीनवर, एक बॅकअपच्या डिस्कवर, बस.

गेल्या वर्षी जानेवारीत ती गेली. चाळिसाव्या दिवशी वसीला म्हणाली, "ते बंदच ठेव, लमीन. माझ्या कानांना सोसणार नाही." त्यानंतर तिनं एकदाही विषय काढला नाही, मीही नाही. पण कधीतरी ती मागेल हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तिला काय सांगू, समुद्राची हवा?

सोमवार, ७ एप्रिल

नवी डिस्क आणली. बिस्किटाएवढं वजन. आता बॅकअपची डिस्क जोडायची, तिच्यावरचं सगळं हिच्यावर उतरवायचं, आणि —

बॅकअपची डिस्क कुठे आहे?

मंगळवार, ८ एप्रिल

आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

सप्टेंबरात बॅकअप घेतला आणि डिस्क वसीलाच्या हातात दिली. म्हटलं, कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेव. तिनं ठेवली. कुठे ते मी विचारलं नाही. त्यानंतर सात महिने मी बॅकअप घेतला नाही. मी! ज्यानं मंडळाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय — बॅकअप, दर गुरुवारी!

कॅफेत फेथीला सांगितलं. फेथी माझा जुना दोस्त, फरशांवर निळी वेलबुट्टी रंगवतो. आधी शपथ घातली, मग सांगितलं. तो इतका हसला की कॉफीवाल्यानंही विचारलं काय झालं. म्हणाला, "उस्ताद, दिव्याखाली अंधार ऐकला होता. आज दिवाच अंधारात बसलेला पाहिला."

मग उपदेश. बायकोला विचार म्हणे, कुठे ठेवलीस. मी म्हटलं, विचारायचं तर का विचारतोय ते सांगावं लागेल. तो म्हणाला, मग सांग. फेथीनं लग्न केलेलं नाही. त्याला सगळं सोपं वाटतं.

बुधवार, ९ एप्रिल

कोरडी, थंड, अंधारी — आमच्या घरात अशी जागा एकच. बेगमीची खोली.

वसीला बाजारात गेली तेव्हा आत शिरलो. उन्हाळ्यात बायका वर्षभराचं करून ठेवतात, ते सगळं तिथे — रव्यापासून वळलेल्या कुसकुसचे डबे, वाळवलेले टोमॅटो, मिरच्यांच्या माळा, तेलाखालची हरिसा, म्हणजे लाल मिरच्यांची चटणी. या खोलीवरून मी तिला अठ्ठावीस वर्षं चिडवतोय. म्हणतो, युद्ध कधी आहे गं? आज त्याच खोलीत गुडघ्यांवर बसून एकेक झाकण उघडत होतो. मसूर. बडीशेप. अंजिरं. मग हरभऱ्यांत कोपरापर्यंत हात घातला.

"भूक लागली का?"

दारात वसीला, दोन्ही हातांत पिशव्या. मी म्हटलं, हो. हरभरे खावेसे वाटले. कच्चे? हो, कच्चे. तब्येतीला चांगले.

तिनं मूठभर काढून वाटीत दिले. मला ते तिच्यासमोर बसून खावे लागले. आणि ती टोमणा न मारता बघत राहिली! काहीतरी बिनसलंय या बाईचं. आजारी तर नाही ना?

गुरुवार, १० एप्रिल

सांगून टाकलं. हरभऱ्यांनी पोट धरलं होतं, म्हटलं एवीतेवी मरायचंच आहे.

ती कणिक मळत होती. हात थांबले. मी खाली बघूनच बोललो — डिस्क गेली, तिच्यावर उम्मीचं, म्हणजे तिच्या आईचं, सगळं होतं, चूक माझी, डबा खिडकीशी ठेवायला नको होता, समुद्राची हवा वगैरे. रडेल वाटलं, नाहीतर ओरडेल. तिनं पिठाचा हात कपाळाला लावला आणि विचारलं, "दुसरी डिस्क सापडली तर उम्मी परत येईल?"

येईल, म्हटलं. सगळी. सदतीसच्या सदतीस.

"मग आधी का नाही बोललास? कुसकुसच्या मोठ्या डब्यात आहे. मधोमध पुरलीय."

मी खोलीकडे धावलो. तीन डबे. तिन्ही पालथे घातले, चादरीवर कुसकुसचा डोंगर केला. काही नाही. वळून पाहिलं तर वसीला पांढरी पडलेली. चौथा डबा होता. तो तिनं नोव्हेंबरात सूसला पाठवला होता, रीमकडे. आमची लेक.

शुक्रवार, ११ एप्रिल

सकाळीच रीमला फोन. तिच्याकडे डबा आहे का? आहे, म्हणाली. आमचा जीव भांड्यात पडला. त्यात कुसकुस आहे? नाही, ते तिनं रमजानच्या सुरुवातीला कैरवानला सासूकडे पोचवलं, हज्जा मबरूकांकडे. दोघांना ते खाऊन संपेना, आणि आईच्या हातचं त्यांना दाखवायचंही होतं.

वसीलानं फोन माझ्या हातातून घेतला. "आणि डबा परत कसा आला? आत काय घालून?"

काहीच नाही. रिकामा आला.

"नीट आठव, रीम. चार खजूर? चमचाभर साखर? तळाशी काही?"

काही नाही, आई. धुऊनपुसून रिकामा.

वसीला खाली बसली. आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. काही नसेल तर साखरेची चिमूट घालतात. विहिणीचा डबा रिकामा पाठवणं म्हणजे तिच्या दारावर थुंकणं. आणि रीमच्या पिढीला ते कळलंही नाही! सहज म्हणाली की तेव्हापासून सासूबाई जरा तुटक वागतात, फोनवर 'बरं आहे' एवढंच बोलतात, ईदलाही गालाला गाल लावला नाही. कामाचा ताण असेल.

फोन ठेवल्यावर वसीला म्हणाली, "हज्जांना डिस्क सापडलीय." मग म्हणाली, मी रुमालात बांधली होती. कुठल्या रुमालात? उम्मीच्या. काळ्या. गाठी मारून. किती गाठी? सात असतील.

मी डोळे मिटले. आत लोखंडाची चपटी डबी. आणि तिच्यावर माझ्या हस्ताक्षरात चिठ्ठी — तारीख, डिस्कचा नंबर, चौकटीत आकडे. नीटनेटकेपणा हा माझा दुर्गुण आहे.

आज नमाजानंतर कॅफेत गेलोच नाही. थेट घरी आलो तर वसीला म्हणाली, आज इतक्या लवकर? जा की जरा फेथीकडे. मला बाहेर घालवायची कसली घाई!

शनिवार, १२ एप्रिल

उद्या कैरवान. वसीला स्वतः येणार. मी म्हटलं, तुला खाली मान घालावी लागेल. म्हणाली, घालीन.

रविवार, १३ एप्रिल

सगळं लिहून ठेवायलाच हवं, एक अक्षर न गाळता.

आठ माणसांच्या वडाप टॅक्सीत मांडीवर पिशवी घेऊन गेलो. पिशवीत यंदाच्या पहिल्या अर्काच्या दोन बाटल्या.  रीम सूसहून परस्पर येऊन दारात उभी होती.

हज्जा मबरूकांनी दार उघडलं, या म्हणाल्या, बसा म्हणाल्या, कॉफी दिली. कॉफीबरोबर काहीच नाही. कैरवानात, खजूर भरलेल्या मकरूदच्या गावात, मकरूदशिवाय कॉफी! रीमलाही तेव्हा कळलं की हा कामाचा ताण नव्हे.

वसीलानं कप खाली ठेवला. "हज्जा, तुमच्याकडे आलेल्या कुसकुसात माझी एक वस्तू राहिलीय."

"म्हणजे तुझी होती हे कबूल?"

"माझीच."

हज्जांचा आवाज चढला नाही. "मेलेल्या बाईचा रुमाल. सात गाठी. आत लोखंड, लोखंडावर आकडे. वसीला, तुझ्या लेकीला मी काय कमी केलं, म्हणून माझ्यावर करणी केलीस?"

रीमनं हातातली बशी खाली ठेवली. मी घसा साफ केला. म्हटलं, हज्जा, त्याला बॅकअप म्हणतात, माहितीच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी — वसीलानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबलाच म्हणायचा. 

"त्यात माझ्या आईचा आवाज आहे," ती म्हणाली. "जायच्या आधी लमीननं भरून घेतला. घरातली सगळ्यात जपायची वस्तू, म्हणून बेगमीत ठेवली. दुसरी जागा मला सुचली नाही. रुमाल तिचाच. गाठी मी मारल्या. सैल बांधवत नव्हत्या."

 बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं.

"मन्नूबियाचा?" हज्जांनी विचारलं.

"हो."

"आणि मी तिला मिठात पुरली!"

उठल्या, आत गेल्या, आणि पत्र्याचा डबा घेऊन आल्या. जाड्या मिठाखाली, वर दृष्ट काढायच्या बियांचा थर देऊन, काळा रुमाल तसाच. गाठी तशाच. उघडायची छाती झाली नव्हती त्यांची. एक कोपरा फाटला होता त्यातून लोखंड आणि आकडे दिसले एवढंच. चाळीस दिवस मिठात ठेवून विहिरीत टाकायचं, असं कोणीतरी सांगितलं होतं. चाळिसावा दिवस परवा. मंगळवारी!

मी मनातल्या मनात हिशेब केला — कोरडं मीठ, कोरडी हवा, अंधार. नाबुलच्या माझ्या खोलीपेक्षा सुरक्षित! हज्जांचा हात धरून आभार मानणार होतो, पण मीठ खाली सांडलं असतं.

मग हज्जा वसीलाजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, माझ्या मुलाच्या लग्नात तुझी आई माझ्याहून वरच्या पट्टीत गायली, अजून विसरले नाही. ते आहे का त्यात? मी म्हटलं, लग्न नाही, पण तुमच्या गाण्याबद्दलचं तिचं मत आहे. वसीलानं चिमटा काढला. हज्जा आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग अशा हसल्या की पदराआड तोंड लपवावं लागलं. त्यानंतर मकरूद आले. मोठ्या परातीत.

निघताना रीमच्या गालाला दोन्हीकडून गाल लागले. आमच्या पिशवीत दोन किलो मकरूद, आणि वर साखर, आणि खजूर. रिकाम्या डब्याचं व्याज!

सोमवार, १४ एप्रिल

सकाळभर रंगाच्या कुंचल्यानं मीठ झाडत बसलो. गाठी वसीलानं सोडल्या, मला हात लावू दिला नाही.

डिस्क जोडली. पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं. (एफ बारा! आता दंडावर गोंदवून घेणार आहे.) मीठ खाल्लेली डिस्क आधी कण्हली, मग फिरू लागली. यादीत नाव आलं!

आता धोक्याचा भाग. सगळं एका ओळीच्या आज्ञेत असतं — कुठून आणि कुठे. दोन नावं उलटी पडली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि मन्नूबिया पुन्हा मरते. दोन चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. ओळ टाईप केली. तीनदा वाचली. बोट पुढे जाईना. वसीलाला हाक मारली, म्हटलं तू वाच, चार डोळे बरे.

तिनं अक्षरांखालून बोट फिरवत वाचलं. "या डिस्कवरून त्या डिस्कवर. बरोबर आहे." फाइलींच्या खणांची नावंसुद्धा झरझर! मी म्हटलं, वा, मंडळात चौथी सभासद मिळाली. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

बिस्मिल्ला म्हणून बोट टेकवलं. साडेचार तास लागले. वसीला मटार घेऊन शेजारी बसली. मी आकडे सांगत होतो, ती शेंगा सोलत होती. बासष्ट टक्क्यांवर दहा मिनिटं अडलं तेव्हा दोघांनीही हात थांबवले होते.

मंगळवार, १५ एप्रिल

शेवटपर्यंत उतरलं, आणि मशीन तरीही उठेना. 

मग कळलं. प्रत्येक डिस्कला स्वतःचा लांबलचक नंबर असतो, आणि उठताना मशीन यादीतला नंबर शोधतं. यादी जुन्या डिस्कबरोबर उतरलेली, म्हणून मशीन मेलेल्याच्या दारावर दीड मिनिट टकटक करून परत येत होतं. माझाच धडा, मी स्वतः शिकवतो तो! पुन्हा पेनड्राइव्ह, यादीत नवा नंबर हातानं लिहिला, मशीनला उठवणारा छोटा प्रोग्रॅम नव्यानं बसवला. पेनड्राइव्ह काढला. बटण.

डाळिंबाचं चित्र आलं. माझा सप्टेंबरातला पडदा, जसाच्या तसा!

सदतीस. दोनदा मोजली. कानाला हेडफोन लावून एक उघडलं, फक्त खात्रीसाठी. "लमीन पोरा, तो लाल दिवा माझ्याकडे असा का टकमक बघतोय? त्याला सांग, मी विधवा आहे." रडलो. आडपडदा कशाला, भरपूर रडलो.

वसीलाला सांगितलं, सगळं सुखरूप आहे. लावू का एखादं? ती म्हणाली, "नको, लमीन. बंद कर." आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं होतं एवढं सगळं झाल्यावर तरी ऐकेल.

जुनी रोजनिशीही परत आली. सप्टेंबरचं शेवटचं पान उघडलं. लिहिलंय: 'वसीला अजून आईचा आवाज ऐकत नाही. बिचारी. धीर व्हायला वेळ लागेल. आपण घाई करू नये.' किती समजूतदार नवरा मी!

आता मशीनवर लिहिता येईल, पण ही वही सोडवत नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

बॅकअप घेतला. गुरुवारी! दोन प्रती. एक बेगमीच्या खोलीत, बिनरुमालाची, वर चिठ्ठी — 'बॅकअप. करणी नव्हे.' दुसरी हज्जा मबरूकांच्या मिठाच्या डब्यात जाणार. वसीलाचीच कल्पना. आईची अट फोनांबद्दल होती, मिठाबद्दल नव्हती, असं ती म्हणते.

पाहुण्यांच्या टेबलावरचं पारदर्शक प्लास्टिक दिसत नाही. विचारलं तर म्हणाली धुवायला काढलंय. प्लास्टिक कोण धुवायला काढतं?

शुक्रवार, १८ एप्रिल

नमाजाला निघालो, कोपऱ्यावर आठवलं की किल्ल्या राहिल्या. परत आलो. माझ्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मन्नूबिया गात होती, अर्क चढवतानाचं. मशीनवर टेबलाचं प्लास्टिक चारी बाजूंनी खोचलेलं, आणि वसीला समोर चांदीची गुलाबदाणी घेऊन उभी — पाहुणा आला की त्याच्या हातांवर शिंपडतो तसं त्या प्लास्टिकवर फुलांचं पाणी शिंपडत होती. "ये उम्मी, बस. आज झाकलंय हं. त्या शुक्रवारी तुला भिजवलं आणि तो बिचारा अजून समुद्राला दोष देतोय." मग खुर्ची ओढून बसली, आणि आईच्या गाण्यात आपला आवाज मिसळला. सगळे शब्द तिला पाठ होते.

पाय न वाजवता बाहेर आलो. किल्ल्या आतच राहिल्या. फेथीला सांगितलंय की यापुढे शुक्रवारी तीन वाजेपर्यंत मला कॅफेतून उठू द्यायचं नाही.